वेळापत्रकाबाहेरची शाळा

दहावीचा निकाल लागला की गुणवंतांचे सत्कार होतात, प्रवेशद्वारावर फलक झळकतात आणि शेकडा निकालाच्या आकड्यावर शाळेची प्रतिष्ठा ठरते. त्याच शाळेत वर्षभरात वक्तृत्वसभा किती भरल्या, विज्ञान मंडळाने काय केले, हस्तलिखित निघाले की नाही, हे मात्र कोणी विचारीत नाही. ज्याची विचारपूस होत नाही ते हळूहळू बंद पडते, हा सार्वजनिक जीवनाचा नियमच आहे. अनेक माध्यमिक शाळांतील विद्यार्थी मंडळांची आज हीच गत झाली आहे.

यात धोरणाची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने अभ्यासेतर उपक्रम हा माध्यमिक शिक्षणाचा अविभाज्य भाग मानला होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात भिंत असू नये, असे सांगितले. म्हणजे सुमारे सात दशके आपण एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत लिहीत आहोत. महाराष्ट्राला तर त्यासाठी अहवालाचीही गरज नव्हती. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांत मुले स्वतःची कामे स्वतः करीत, आणि त्यातूनच शिकत.

प्रस्तुत लेखकाचे शालेय शिक्षण एका तालुक्याच्या गावी झाले. शाळेत विद्यार्थ्यांनीच चालविलेले वह्या-पेन्सिलींचे एक भांडार होते. नववीत असताना एका महिन्याच्या हिशेबात अकरा रुपये कमी भरले. मुख्याध्यापकांनी ते खिशातून घातले नाहीत की कोणाला शिक्षाही केली नाही. "सभा बोलवा आणि इतिवृत्त लिहा," एवढेच ते म्हणाले. दोन तास वाद झाला. अखेरीस असे निघाले की, आमच्यापैकीच एकाने मित्राला उधारीवर वह्या दिल्या होत्या आणि संकोचापोटी नोंद केली नव्हती. उधारी लिहावी, रोकड रोज मोजावी आणि हिशेब फलकावर लावावा, असा ठराव झाला. पुढे अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. परंतु सार्वजनिक पैशाची जबाबदारी म्हणजे काय, हे त्या दोन तासांत जितके कळले तितके कोणत्याही ग्रंथाने शिकविले नाही. आज त्या खोलीत दहावीचे जादा तास चालतात.

यावर पालकांचा आक्षेप ठरलेला आहे : मुलाचा वेळ मोलाचा आहे, तो भाषणांत आणि नाटकांत का घालवावा? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरात मुलाच्या गुणपत्रिकेवर साऱ्या कुटुंबाची आशा टांगलेली असते, त्या घराला वेळेचा हिशेब करावाच लागतो. परंतु अर्थशास्त्र असे सांगते की, एखाद्या गोष्टीची खरी किंमत तिच्यासाठी आपण ज्याचा त्याग करतो त्यावरून ठरते. हाच न्याय जादा तासालाही लावला पाहिजे. दहावा सराव-प्रश्नसंच सोडविताना मुलाने काय गमावले? चारचौघांत उभे राहून बोलणे, आपल्याविरुद्ध गेलेला ठराव मानणे, दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब देणे, हे सारे त्याने गमावले. महाविद्यालयात उत्तम गुण घेऊन आलेली मुले शंका विचारायला उभी राहताना थरथरतात, हा आम्हा प्राध्यापकांचा नित्याचा अनुभव आहे.

याहून गंभीर प्रश्न न्यायाचा आहे. शाळेतील मंडळ बंद पडले म्हणून सुस्थितीतील मुलाचे काही अडत नाही. त्याच्यासाठी शुल्क भरून संभाषणकलेचा, बुद्धिबळाचा, संगीताचा वर्ग उपलब्ध असतो. अडते ते शेतमजुराच्या, रिक्षाचालकाच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलीचे. तिला व्यासपीठ मिळाले तर ते शाळेतच मिळणार. मंडळ बंद करून आपण वेळ वाचवीत नाही. जे सर्वांना फुकट मिळत होते ते बाजारात नेऊन ठेवतो.

उपाय म्हणून गुणांचे आमिष दाखविणे पुरेसे नाही. खेळ, चित्रकला व लोककला यांसाठी दहावीत वाढीव गुण मिळतात. त्यामागचा हेतू चांगला आहे. परंतु गुण हाच हेतू झाला की प्रमाणपत्र हाती येताच कुंचला खाली ठेवला जातो. तीच गोष्ट स्पर्धांची. शिक्षकाने लिहिलेले भाषण त्याच चार मुलांनी दरवर्षी पाठ म्हणावे आणि उरलेल्यांनी टाळ्या वाजवाव्यात, याला उपक्रम म्हणता येत नाही.

शिक्षकांवर आणखी एक ओझे टाकून हे साधणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांसाठी शिक्षकांना कामाला लावण्याची मुभा ठेवली आहे. त्याच कायद्याने सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असलेल्या शाळांत कला, शारीरिक शिक्षण व कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक नेमावेत असेही म्हटले आहे. पहिल्या तरतुदीची आठवण प्रशासनाला जितक्या तत्परतेने होते, तितक्याच तत्परतेने दुसरीची व्हावी.

मागणी मोठी नाही. आठवड्यातून एक तासिका शाळेच्या वेळेतच मंडळांना द्यावी. ती शिक्षकाच्या कार्यभारात धरावी. थोडासा निधी विद्यार्थ्यांच्या हाती सोपवावा आणि त्याचा हिशेब त्यांनीच फलकावर लावावा. त्यात चुका होतील, क्वचित अकरा रुपये कमीही भरतील. पण ती चूक पंधराव्या वर्षी, शाळेच्या चार भिंतींत, अकरा रुपयांत होऊन जावी. पुढे ग्रामपंचायतीत, पतपेढीत आणि सहकारी संस्थेत हीच मुले बसणार आहेत. तिथल्या चुकीची किंमत साऱ्या गावाला मोजावी लागते.