शिल्लक दृष्टीची राखण

चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून एखादे गृहस्थ नेत्रतज्ज्ञांकडे जातात आणि काचबिंदूचे निदान घेऊन परततात. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, वर्तमानपत्रही नीट वाचता येते. मग हा विकार आला कोठून, असा प्रश्न साऱ्या घराला पडतो.

डोळ्याच्या आत एक स्वच्छ द्रव सतत तयार होतो आणि बारीक जाळीतून बाहेर वाहून जातो. हा निचरा मंदावला की दाब वाढतो आणि दृश्य मेंदूपर्यंत नेणारी मुख्य नस हळूहळू झिजते. पाऱ्याच्या मापाने १० ते २१ मिलिमीटर दाब सर्वसाधारण मानला जातो. तथापि या मर्यादेतही काहींना काचबिंदू होतो. म्हणूनच नसेची तपासणी व दृष्टिक्षेत्राची चाचणी आवश्यक ठरते. प्रथम कडेची नजर जाते. समोरचे दिसत राहिल्याने रुग्ण गाफील राहतो.

मोतीबिंदू काढला की पुन्हा स्वच्छ दिसू लागते. काचबिंदूने नेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. उपचार फक्त शिल्लक राखतात. ‘थेंब घालूनही फरक पडत नाही’ म्हणून अनेक जण औषध सोडतात. वस्तुतः फरक न पडणे, हेच त्या थेंबांचे यश असते.

काही थेंब द्रवाची निर्मिती घटवतात, काही निचरा वाढवतात. टिमोलॉलसारख्या थेंबांनी दम्याचा त्रास वाढू शकतो. म्हणून इतर आजार डॉक्टरांना आधीच सांगावेत. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे हलकेच दाबावा. दुसरे औषध पाच मिनिटांनी घालावे. निचऱ्याचा कोन खुला असल्यास लेसरने जाळीचे काम सुधारता येते. कोन अरुंद असल्यास लेसरने बुबुळाच्या पडद्याला सूक्ष्म छिद्र पाडतात. एवढ्याने दाब आटोक्यात न आल्यास शस्त्रक्रियेने निचऱ्याची नवी वाट करून देतात. यांपैकी काहीही केले, तरी नियमित तपासणी सुटत नाही.

तीव्र डोळेदुखी, लाली, उलट्या आणि दिव्यांभोवती रंगीत वलये एकाएकी जाणवल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. स्टिरॉइडयुक्त थेंब सल्ल्याविना घालू नयेत. त्यांनीही दाब वाढतो.

एकाला काचबिंदू निघाला, की त्याच्या सख्ख्या भावंडांनी आणि चाळिशी गाठलेल्या मुलांनीही डोळे तपासून घ्यावेत. वडिलांना उशिरा कळलेली गोष्ट मुलांना वेळेवर कळली, तर त्यांची दृष्टी वाचू शकते.