पगारातली कपात आणि हरवलेले पेन्शन

आपल्या वडोदऱ्यातील बहुतेक मराठी घरांची सुरुवात कोणाच्या तरी सरकारी चाकरीने झाली. पणजोबा गायकवाड सरकारात कारकून नाहीतर मास्तर म्हणून लागले आणि दांडिया बाजाराच्या आसपास बिऱ्हाड थाटले. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९६० साली त्या मुंबई राज्याचेही दोन भाग झाले. त्या वेळी निवृत्तिवेतनाचा बोजा महाराष्ट्राने आणि गुजरातने कसा वाटून घ्यायचा, हे राज्य पुनर्रचनेच्या कायद्यातच लिहून ठेवले होते. राज्ये बदलली तरी नोकराने केलेल्या सेवेचा हिशोब पुसला जाऊ नये, हे तत्त्व आपल्या वाडवडिलांच्या पेन्शनच्या पुस्तकात जपले गेले.

आज हे आठवण्याचे कारण वेगळे आहे. आता आपल्या घरातल्या मुली, सुना आणि काही मुलगेही शिकवायला परदेशी जाऊ लागले आहेत. गणित, विज्ञान आणि विशेष मुलांचे शिक्षण या विषयांना अमेरिकेतील सरकारी शाळांत शिक्षक कमी पडतात. तेथे बाहेरचे शिक्षक जे-१ व्हिसावर घेतले जातात. हा व्हिसा तीन वर्षांचा असतो आणि वाढवून जास्तीत जास्त पाच वर्षांचा होतो.

गेल्या उन्हाळ्यात अशीच एक सभासदकन्या बँकेत माझ्या काउंटरवर आली. ऑगस्ट २०२२ मध्ये ती गेली. हातात पगाराच्या दोन चिठ्ठ्या होत्या. म्हणाली, "काका, पहिल्या दोन वर्षांत या दोन ओळी नव्हत्या. आता दर महिन्याला कापतात. हा कसला टॅक्स?" मी चिठ्ठ्या पाहिल्या आणि तिला म्हटले, "बाळ, यातली एक ओळ पेन्शनची आहे. पण ते पेन्शन तुला मिळायचे नाही." तिचा चेहरा पाहून मलाच वाईट वाटले. म्हणून हा विषय सभासदांपुढे मांडतो.

त्या दोन ओळी म्हणजे सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के आणि मेडिकेअर १.४५ टक्के. पहिली म्हातारपणीच्या पेन्शनसाठी, दुसरी म्हातारपणीच्या आरोग्य विम्यासाठी. जे-१ वरचा शिक्षक करासाठी अनिवासी असेपर्यंत या दोन्हींतून मोकळा असतो, आणि ही सूट दोन कॅलेंडर वर्षांची असते. येथेच लोक फसतात. ऑगस्ट २०२२ मध्ये गेलेल्या शिक्षिकेचे २०२२ हे पूर्ण वर्ष धरले जाते, दुसरे २०२३. म्हणजे सतराच महिन्यांत, जानेवारी २०२४ पासून, कपात सुरू. त्याआधीच शाळेने चुकून कापली असेल तर ती परत मिळते. प्रथम शाळेकडे मागावी, शाळेने नाही म्हटले तर तेथील कर खात्याकडे फॉर्म ८४३ भरावा. नियमाने कापलेली मात्र परत मिळत नाही.

आता हिशोब पाहू. वर्षाला ५०,००० डॉलर पगार धरला तर सोशल सिक्युरिटीचे ३,१०० डॉलर होतात. पाच वर्षे पूर्ण करून ही शिक्षिका जून २०२७ मध्ये परतली, तर साडेतीन वर्षांचे १०,८५० डॉलर तिच्या पगारातून गेले आणि तितकेच शाळेने भरले. पेन्शनच्या हक्कासाठी ४० क्रेडिट लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात, म्हणजे दहा वर्षांचे काम हवे. हिची भरतील फार तर सोळा. व्हिसाच पाच वर्षांचा आणि पेन्शनची अट दहा वर्षांची. ज्याला पुढे दुसरा व्हिसा मिळाला त्याची गोष्ट वेगळी. बाकीच्यांचे पैसे तेथेच राहतात.

टेक्सास, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांत बहुतेक शिक्षक सोशल सिक्युरिटीत नसून राज्याच्या शिक्षक निवृत्ती निधीत असतात. तेथे नोकरी सोडताना स्वतःचा वाटा अर्ज करून परत मागता येतो. तेव्हा आपली शाळा कोणत्या व्यवस्थेत आहे, हे करारावर सही करण्याआधी विचारावे.

उत्पन्न कराची गोष्ट निराळी. भारत-अमेरिका कर कराराच्या २२ व्या कलमानुसार, दोन वर्षांपेक्षा जास्त नाही इतक्या काळासाठी शिकवायला गेलेल्याचा त्या कामाचा पगार तेथे करमुक्त असतो. शाळेत फॉर्म ८२३३ दिला की कर कापला जात नाही. आमच्या या मुलीला पाठवणाऱ्या एजंटाने "दोन वर्षे टॅक्स नाही" एवढेच सांगितले होते. पुढचे सांगितले नाही. मुक्काम दोन वर्षांच्या वर गेला तर ती सवलत पहिल्या दिवसापासून रद्द धरली जाते आणि दोन्ही वर्षांचा कर व्याजासकट भरावा लागतो. तीन वर्षांच्या करारावर जाणाऱ्याने ही सवलत घेण्याआधी तेथील जाणकाराला विचारलेच पाहिजे. शिवाय राज्याचा कर वेगळा असतो, आणि प्रत्येक राज्य हा करार मानतेच असे नाही.

आता इकडची बाजू, जी रोज माझ्या टेबलावर येते. नोकरीसाठी देश सोडला आणि त्या आर्थिक वर्षात भारतातील मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी असला, तर तेथील पगारावर येथे कर लागत नाही. ऑगस्टमध्ये जाणारा यात बसतो. पण येथील बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते, आणि त्याच्या व्याजावर ३० टक्के अधिक सेस टीडीएस कापला जातो. तेथून पैसे पाठवायला एनआरई खाते उघडावे. त्याचे व्याज अनिवासी असेपर्यंत येथे करमुक्त आहे. आणि एक धोक्याची सूचना. अमेरिकेत करासाठी निवासी ठरल्यावर भारतातले व्याजही तेथील विवरणपत्रात दाखवावे लागते. भारतातील सर्व खात्यांची बेरीज वर्षात केव्हाही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्यांची माहिती वेगळी कळवावी लागते. आई-वडिलांच्या ठेवीत मुलीचे नाव जोडलेले असले तर तीही यात धरली जाते. आपल्याकडे सोयीसाठी नाव जोडण्याची पद्धत घरोघर आहे. न कळवल्यास दंड जबर आहे.

हे सगळे सांभाळता येते. सांभाळता येत नाही ते पेन्शन. कर करार निराळा आणि सामाजिक सुरक्षा करार निराळा. दुसरा करार असला तर दोन देशांतील नोकरीची वर्षे जोडून हक्क ठरवता येतो. बेल्जियमशी भारताचा असा करार २००९ पासून, कॅनडाशी २०१५ पासून आणि ऑस्ट्रेलिया व जपानशी २०१६ पासून लागू आहे. अमेरिकेशी नाही. अनेक वर्षे बोलणी चालू आहेत. सर्वसाधारण जनतेला लागू असणारी सामाजिक सुरक्षा ज्या देशात आहे त्याच्याशीच असा करार करता येतो, असे अमेरिकेचा कायदा म्हणतो, आणि आपली भविष्य निर्वाह निधीची व्यवस्था त्यात बसते की नाही यावर घोडे अडले आहे. नोव्हेंबर २०२५ पासून आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. आता तरी दिल्लीने हा मुद्दा जोराने मांडावा.

हा प्रश्न नेहमी मोठ्या संगणक कंपन्यांच्या नावाने मांडला जातो. त्यांची बाजू मांडणाऱ्या संस्था आहेत. एकट्या शिक्षिकेची बाजू मांडणारे कोणी नाही. म्हणून आमची सूचना अशी की, मंडळाने पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव करून तो आपल्या खासदारांकडे आणि परराष्ट्र मंत्रालयाकडे पाठवावा. मते मागायला येणारा कोणत्याही पक्षाचा असो, त्याला हा प्रश्न विचारावा. बँकेतले आणि हिशोब तपासणीतले आपले सभासद महिन्यातून एक रविवार कार्यालयात बसले, तर जाणाऱ्या मुलांचे कागद आधीच पाहून देता येतील. माझ्यापुरता तो रविवार मी आताच कबूल करतो.

एका राज्याची दोन झाली तेव्हा आपल्या आजोबांचे पेन्शन कोणी द्यायचे, हे दोन सरकारांनी मिळून ठरवले. दोन देशांनाही ते ठरवता येईल. मागणारे मात्र आपणच असले पाहिजे.