एकट्याचे मत

परक्यांच्या अन्यायावर बोट ठेवण्यास फारसे धैर्य लागत नाही. खरी कसोटी लागते ती न्यायासनावर बसून स्वकीयांचा अन्याय उच्चारण्याची वेळ येते तेव्हा. रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव मराठी मन आजही आदराने घेते, ते याचमुळे. अमेरिकेतील फेडरल जिल्हा न्यायाधीश जे. वेटीज वेअरिंग हे त्याच जातकुळीचे होते.

साउथ कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन येथे एका जुन्या, प्रतिष्ठित घराण्यात १८८० मध्ये त्यांचा जन्म झाला. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९४२ मध्ये त्यांची नियुक्ती केली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. तोवरचे आयुष्य गोऱ्या समाजाच्या रूढ चाकोरीतच गेले होते.

१९४६ मध्ये आयझॅक वुडर्ड हा कृष्णवर्णीय सैनिक युद्धावरून घरी परतत होता. अंगावर अजून गणवेश होता. वाटेत एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याने त्याला असे मारले की, त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. खटला वेअरिंग यांच्यासमोर चालला. केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीने अर्ध्या तासाच्या आत आरोपीला निर्दोष सोडले. ज्यूरीपुढे न्यायाधीश हतबल होता, परंतु त्याचे अंतःकरण जागे झाले ते कायमचे.

पुढच्याच वर्षी त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीचे दार कृष्णवर्णीय मतदारांना खुले केले. त्यानंतर क्लॅरेंडन परगण्यातील पालकांचा खटला आला. तिथे गोऱ्या मुलांना शाळेत नेण्यासाठी बसगाड्या होत्या, कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. १९५१ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठापैकी दोघांनी स्वतंत्र शाळांची पद्धत उचलून धरली. वेअरिंग यांनी मात्र भिन्न मत नोंदवले : वेगळे ठेवणे हीच मुळात विषमता आहे.

या न्यायनिष्ठेची किंमत त्यांनी पुरेपूर मोजली. घरावर दगड आले, घराजवळ क्रूस जाळण्यात आला, जन्माचे स्नेही तोंड फिरवू लागले. १९५२ मध्ये निवृत्ती घेऊन त्यांनी जन्मगाव सोडले आणि न्यूयॉर्क गाठले. दोनच वर्षांनी, १७ मे १९५४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ९ विरुद्ध ० मतांनी तेच तत्त्व मान्य केले. एकट्याचे मत राष्ट्राचा कायदा झाले. तरीही १९६८ मध्ये त्यांचा देह चार्ल्सटनच्या मातीत विसावला तेव्हा निरोप द्यायला आलेले बहुतेक सारे कृष्णवर्णीयच होते. गोरे मोजकेच.

समाजाला आपली चूक कळायला वेळ लागतो, ती कबूल करायला त्याहून अधिक. चार्ल्सटनमधील फेडरल न्यायालयाच्या इमारतीला माजी सिनेटर अर्नेस्ट हॉलिंग्ज यांचे नाव होते. त्यांनी हयातीतच ते काढून वेअरिंग यांचे नाव देण्याची विनंती केली आणि २०१५ मध्ये ती अमलात आली.

आपल्यातील दोष दाखवणाऱ्याला आपण शत्रू मानतो. वस्तुतः समाजावर त्याच्याइतके प्रेम क्वचितच कोणी केलेले असते. अशा माणसाचे नाव इमारतीवर कोरणे सोपे आहे. तो हयात असताना त्याच्या घरावर दगड पडू न देणे, हे सुसंस्कृत समाजाचे खरे लक्षण होय.