हवेतली चिठ्ठी

गच्चीवरून मित्राला हाक मारली, तर ती साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जाते. बिनतारी संदेशाचेही तसेच आहे. रेडिओलहरी चहूकडे पसरतात. ज्याच्याजवळ यंत्र आहे, तो त्या ऐकू शकतो आणि मध्येच आपला संदेशही घुसवू शकतो.

मार्कोनी यांना हे मान्य नव्हते. आपले यंत्र ठरावीक लहरींशी जुळवलेले असते, त्यात दुसऱ्याला ढवळाढवळ करता येणार नाही, असा त्यांचा दावा होता. जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रा. फ्लेमिंग यांचे व्याख्यान होते. दूर कॉर्नवॉलमधून मार्कोनी संदेश पाठवणार होते. पण त्याआधीच यंत्र कडकट्ट करू लागले. मोर्सच्या लिपीत एकच शब्द पुन्हा पुन्हा उमटला : ‘उंदीर’! मागोमाग मार्कोनींची टिंगल करणाऱ्या ओळी आल्या. हे काम नेव्हिल मॅस्केलिन या जादूगाराचे होते.

फ्लेमिंग संतापले. अपराध्याला शोधण्यासाठी त्यांनी ‘टाइम्स’मधून वाचकांची मदत मागितली. मॅस्केलिन यांनी त्याच वर्तमानपत्रात उत्तर देऊन आपले नाव स्वतःच सांगून टाकले!

मला मॅस्केलिन यांची बाजू पटते. भर सभेत टिंगल करणे बरे नव्हे. शिवाय मार्कोनींशी त्यांचे धंद्याचे वैर होते, हेही खरे. पण यंत्रातला दोष खोटा नव्हता. तो थट्टेत उघडा पडला, हे बरेच झाले. १९१४ साली रशियन सेनेने आपले हुकूम बिनतारी यंत्रावरून उघड भाषेत पाठवले. जर्मनांनी ते ऐकले आणि टॅननबर्गच्या लढाईत रशियाची एक अख्खी सेना नष्ट झाली. तिथे उंदरांची थट्टा नव्हती.

मग उपाय काय? हवेला कुलूप लावता येत नाही, मजकुराला लावता येते. उर्दू न जाणणाऱ्याच्या हाती तुमची उर्दू चिठ्ठी पडली, तर त्याला अक्षरे दिसतात, अर्थ कळत नाही. संकेतलिपीचे तत्त्व हेच. फक्त तिची किल्ली दोघांपाशीच असते.

मात्र गोंगाट करून संदेश बुडवणाऱ्याला ही किल्ली अडवत नाही. त्यासाठी लहरच सारखी बदलावी लागते. पाणतीरासाठी अशी एक युक्ती शोधून १९४२ साली हेडी लामार ही अभिनेत्री आणि जॉर्ज अँथील हा संगीतकार यांनी पेटंट मिळवले. आज आपल्या मोबाइलवरून ब्लूटूथने गाणे ऐकताना लहर एका सेकंदात १६०० वेळा बदलू शकते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.