होडीचा बाक, दिव्याची दिशा

वसईच्या पाचूबंदरात वा अर्नाळ्यात होडीवर दिवे बसवताना खरी अडचण असते फळीच्या बाकाची. नाळेपाशी होडी आत वळते. तेथे फळीला टेकवून ठोकलेला दिवाही पुढे वळतो आणि डावीकडचा तांबडा प्रकाश उजवीकडूनही दिसू लागतो. डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा हा दंडक ब्रिटनने १८४८ मध्ये आगबोटींना घातला, पुढे शिडाच्या जहाजांनाही. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रत्येक दिवा नेमका समोरून ११२.५ अंशांपर्यंतच दिसावा. अंधारात होडी कोणीकडे चालली आहे, हे परक्या जहाजाला त्यावरूनच उमगते. तेव्हा दिव्यामागे लाकडी पाचर देऊन तो होडीच्या मधल्या रेषेशी जुळवणे हा सुताराचा हट्ट नव्हे. आणि काठावरच्या एलईडी माळा? सणाला शोभतात. भर समुद्रात मात्र त्या खरा हिरवा दिवा गिळून टाकतात.