शेती चालत नाही, फ्लॅट आहे का?

शैक्षणिक कर्ज गरिबाच्या पोरासाठी असतं असं ज्याला वाटतं, त्याने एकदा सातबारा घेऊन बँकेत जावं. मी बंगळुरूत राहतो. जून उजाडला की लातूर-सोलापूरकडचे पाहुणे फोन करतात, "काका, पोराचा तिकडं इंजिनिअरिंगला नंबर लागलाय, जामिनावर तेवढी सही करा." त्यांच्यासोबत बसून बसून मला नियम पाठ झालेत. चार लाखांपर्यंत काही नको, साडेसात लाखांपर्यंत बऱ्याचदा जामीनदार, त्यापुढे तारण. पाहुणा छाती पुढे काढून सांगतो, सहा एकर आहे. बँकेतले साहेब मान हलवतात: शेती चालत नाही, फ्लॅट आहे का? त्यांचंही खोटं नाही. थकलेल्या कर्जदाराची मालमत्ता बँकेला थेट ताब्यात घेऊ देणारा २००२चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही. शेतकऱ्याची जमीन वाचवणारं कलम त्याच्याच पोराला कॉलेजच्या फाटकाबाहेर थांबवतं.

याच शहरात बन्नेरघट्टा रस्त्यावर आयआयएम आहे. फी वीस लाखांच्या वर. तिथे प्रवेश मिळालेल्यांना कर्ज द्यायला मात्र बँका तारण न मागता धावतात. मी बँकेला शिव्या घालत नाही. तिचा धंदा आहे, आणि वसूल होईल तिथेच ती पैसा लावणार. शिव्या सरकारला. पोरांना शिकवायचं काम सावकाराच्या गळ्यात मारून ते मोकळं झालं.

हे घडलं कसं, ते कर्नाटकाइतकं कुणाला ठाऊक असणार? तुमकूरच्या एका खासगी मेडिकल कॉलेजात सरकारी जागेची वार्षिक फी होती २,००० रुपये, परराज्यातल्या मुलीला सांगितली ६०,०००, वर पुढच्या वर्षांसाठी बँकेची हमी. १९९२च्या मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याला कॅपिटेशन फी ठरवून घटनाबाह्य म्हटलं. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन निकालात निम्म्या जागा 'पेमेंट'च्या झाल्या. २००२ला मणिपालच्या टी. एम. ए. पै फाउंडेशनच्या खटल्यात संस्थाचालकांना फी ठरवायची मोकळीक मिळाली, 'वाजवी शिल्लक' उरवायच्या परवानगीसह. आणि बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना? ती २००१ची. दुकानाला परवाना मिळायच्या आत उधारीची वही तयार!

आता २०२४ची पीएम विद्यालक्ष्मी. तारण नको, जामीनदार नको, जाहिरात झकास. पण योजना सुरू झाली ती फक्त ८६० संस्थांसाठी, आणि त्या निवडल्या मुख्यतः रँकिंग बघून. म्हणजे ज्यांच्या पोरांना बँक तशीही खुर्ची देते, त्यांच्याच पाठीशी सरकार उभं. त्या संस्थांत शिकणारे होते २२ लाखांवर. तीन टक्के व्याज सवलत वर्षाला फार तर एक लाख विद्यार्थ्यांना. यादीबाहेरच्या कॉलेजातला पोरगा, ज्याला हमीची खरी गरज, तो साहेबांसमोर फ्लॅटचा पत्ता शोधतोय. त्याचा हिशेब कुणी करत नाही म्हणून मी करतो: दहा लाख, दहा टक्के, दहा वर्षं, तर हप्ता तेरा हजारांच्या वर. शिकताना चढलेलं व्याज वेगळं. इथल्या आयटी कंपन्यांत नवख्याला वर्षाला साडेतीन-चार लाख मिळाले तर पेढे वाटतात. पीजीचं भाडं देऊन त्यात उरतं काय?

महाराष्ट्र सरकारनेही टाळ्यांची वाट पाहू नये. २०२४-२५ पासून आठ लाखांखालच्या घरातल्या मुलीची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली, छान केलं. तीच मुलगी बंगळुरूत शिकली की शून्य. "परराज्यातल्या कॉलेजांना आम्ही का पोसावं?" हा युक्तिवाद मी ऐकलाय. मग अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती बघा. १९४४ पासूनची ती शिष्यवृत्ती परराज्यात शिकणाऱ्यालाही मूळ राज्यच देतं. उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा हास्यास्पद आहे, पण पैसा सीमा ओलांडतो. मुंबईत बसून तेवढाच आदेश फीमाफीसाठी काढायचा आहे.