आखूड मासा परत सोडा

चऱ्होलीची इंद्रायणी तुळापूरला भीमेत मिसळते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. तिच्या काठच्या उद्योगनगरीतले हौशी मात्र शनिवारी घाट उतरून पश्चिम किनाऱ्यावर हर्णै-हरिहरेश्वरच्या खडकांवर मासे गरवायला जातात. छंद उत्तम आहे. तो भरती-ओहोटी वाचायला आणि धीर धरायला शिकवतो. पण जाळ्याचं पथ्य गळानंही पाळावं. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, कारण हा अनेक माशांच्या विणीचा काळ. २०२३ मध्ये राज्यानं ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवला, तो मासा एकदा तरी अंडी घालून जावा म्हणूनच. म्हणून गळासोबत मोजपट्टी ठेवा, आखूड मासा ओल्या हातानं सोडवून लगेच पाण्यात सोडा. आपली हौस ज्या समुद्रावर भागते, त्यावरच कोळ्यांची चूल पेटते.